दाराशी सापडलेली

"ग्लेनिस, उद्याचे बेडूक-केक तुझ्याकडून!" आमचा साहेब डॅरन म्हणाला आणि सगळे हसले.

आमच्या पोर्ट ॲडलेडच्या ऑफिसची रीत आहे. कर्नल, म्हणजे क्रेन चालवणाऱ्या आमच्या संगणकप्रणालीचा गाभा, ज्याच्या चुकीने अडखळेल त्याने सगळ्यांना बेडकाच्या आकाराचे केक आणायचे. ग्लेनिस पॅस्कोवर बावीस वर्षांत ही वेळ आली नव्हती. ती आणली मी.

गोदीवरच्या क्रेनचा हूक सेकंदाला दोनदा झटका खात होता आणि बंदरवाले वैतागले होते. मी प्रोफायलर लावला. तो सेकंदाला हजार वेळा गाभ्याला टोचून विचारतो, 'आत्ता कुठे आहेस?' दहा मिनिटं टोचून काढलेला तक्ता मी ऐटीत भिंतीवर लावला. गाभा कामात असतानाच्या शंभरातल्या ऐंशी उत्तरांत एकच नाव होतं: ग्लेनिसचं फंक्शन, म्हणजे तिने लिहिलेला प्रोग्रामचा तुकडा. नाजूक काम चालू असताना गाभा दार लावून घेतो, बाहेरच्या कुणाला आत घेत नाही. काम झालं की ग्लेनिसचं फंक्शन दार उघडतं. त्याचं काम बस्स एवढंच.

"तीन वाजता ते काढून टाकू. नवं कोस्टा लिहील," डॅरन माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. "मनाला लावून घेऊ नकोस गं. तीन आठवड्यांनी तू निवृत्तच होते आहेस."

तिने लावून घेतलंच होतं. कान लालबुंद झाले होते. या कंपनीत तिचं नाव दोनच ठिकाणी होतं: त्या फंक्शनच्या माथ्यावर आणि फ्रिजमधल्या दुधाच्या बाटलीवर. त्यातलं एक आज पुसलं जाणार होतं, तेही कलंक लावून.

ती भांडली नाही. समोरची खिमा भरलेली पेस्टी गार होऊ देत तक्त्याकडे बघत बसली.

"कोस्टा, दहा मिनिटांत टोचण्या किती व्हायला हव्यात?"

"सहा लाख."

"इथे पाच लाख त्रेपन्न हजारच आहेत."

"थोड्याफार गळतात गं."

"तुझ्या लग्नाला सहाशे पाहुणे होते. त्यातले सत्तेचाळीस आले नसते, तर तुझी आई 'थोडेफार गळतात' म्हणाली असती?"

न आलेल्या चौघांशी माझी आई अजून बोलत नाही.

"अरे शहाण्या, दार बंद असताना तुझा प्रश्नसुद्धा बाहेरच ताटकळतो. दार उघडलं की आत घुसतो आणि कडीवर ज्याचा हात, त्यालाच धरतो. हात माझा! आत इतका वेळ कोण बसलं होतं, हे विचारलंस कुठे?"

मग तिने टोचणं बंद करून माग काढणारं साधन लावलं: दार कुणी लावलं, किती वाजता, उघडलं कधी, सगळं लिहून घेणारं. पडद्यावर ओळी धावू लागल्या तसे सगळे तिच्या खुर्चीमागे गोळा झाले. दर अर्ध्या सेकंदाला चाळीस मिलिसेकंद दार बंद होतं. लावणाऱ्याचं नाव: मोटरचं तापमान विचारणारं फंक्शन. उत्तर येईपर्यंत ते दार लावून नुसतं बसून राहत होतं.

ते गेल्या हिवाळ्यात मी लिहिलं होतं.

"चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो की रे," डॅरन पुटपुटला आणि ग्लेनिससमोर जाऊन म्हणाला, "चुकलो."

वाट बघण्याचं काम तिने दाराबाहेर हलवलं. तीनला पाच कमी असताना गोदीवरून फोन आला. क्रेनवाला ओरडत होता, "लोण्यासारखा चाललाय!" ऑफिसात शिट्ट्या झाल्या. मला लाज वाटत होती आणि तरी मीच सगळ्यांत जोरात टाळ्या पिटत होतो. ग्लेनिसने गार पेस्टी चवीने खाल्ली.

दुसऱ्या दिवशी केक मी आणले. तिने हिरवा बेडूक उचलला. तेव्हा मी तिची दुरुस्ती वाचत होतो. दोष कुणी दाखवला तेही आमच्याकडे दुरुस्तीखाली लिहितात. तिथे माझं नाव होतं.

"अगं, मी तर तुझ्यावर आळ घेतला होता."

"अडखळतंय हे मोजून तूच दाखवलंस ना? मग नाव तुझंच. रीत म्हणजे रीत," ती म्हणाली आणि बेडकाचं डोकं खाऊन टाकलं.

आता फ्रिजमध्ये तिची बाटली नसते. फंक्शनच्या माथ्यावर नाव आहे. नवे लोक धावत तक्ता घेऊन येतात, तेव्हा मी नावं बघत नाही. आधी न आलेले पाहुणे मोजायला बसवतो.