पहिल्या टाकीचे पाणी

पूर्वेच्या लांबट खिडकीतून ऊन एकदम आत येत नसे. आधी पंपाच्या झाकणावर एक फिकट रेघ उमटे. मग ती ओल्या फरशीवरून, गुंडाळून ठेवलेल्या रबरी नळीवरून, पालथ्या बादलीच्या कडेवरून रेंगाळत सरके आणि पहिल्या टाकीच्या काचेशी येऊन थबके, जणू आत यायची परवानगी मागते आहे. मग पाणी उजळे. दोऱ्यांनी टांगलेली शार्कची अंडी, चामड्याच्या चपट्या पाकिटांसारखी, एकेक करून मधाच्या रंगाची होत, आणि प्रत्येकात एक इवला जीव शेपटी हलवताना दिसे.

टाकीवाले काका रोज या घटकेची वाट पाहत. संशोधन केंद्रातल्या तिन्ही टाक्यांचे पंप आणि नळ्या त्यांच्या हाताखाली होत्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या टाकीचे पाणी मुद्दाम तापवलेले असे. पुढेमागे समुद्र इतका तापला तर पिल्लांचे काय होईल, हे संशोधक बाईंना पाहायचे होते. तिथली पिल्ले घाईघाईने शेपट्या मारीत, बलक लवकर संपवीत आणि दिवस भरण्याआधीच बारीक अंगाने बाहेर पडत. पहिल्या टाकीत मात्र समुद्राचे पाणी जसेच्या तसे येई. म्हणून ती त्यांची लाडकी. "आमच्या पहिलीतल्यांना कसली घाई नसते," असे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

परगावी नोकरी करणाऱ्या लेकीलाही त्यांनी हेच सांगितले होते. तिची सुट्टी महिनाअखेरीस होती.

"बाबा, मी येईपर्यंत थांबवून धरा हं त्या मोठ्या पिल्लाला. मागच्या वेळी मला नुसतं रिकामं पाकीट दाखवलंत."

"अगं, ती काय बस आहे थांबवून धरायला? पण तू येशील तेव्हा आतच असेल. माझा शब्द."

आज त्यांनी सवयीने सर्वांत मोठ्या अंड्यावर तळहाताची सावली धरली. सावली पडली की शत्रू आला असे समजून आतले पिल्लू श्वास रोखून निश्चल होते. एरवी टाकीवाल्यांचा हात अवघडून जाई, पण पिल्लू हलत नसे. आज हात अवघडण्याआधीच शेपटी पुन्हा वळवळू लागली. रोखलेला श्वास त्याला पेलवला नव्हता.

त्यांनी पहिल्या टाकीच्या तापमापकाकडे पाहिले. काटा दुसऱ्या टाकीच्या आकड्यावर होता.

"आता हाही बदलायचा का?" दारात उभ्या वायरमनने विचारले. "दोन बदलून झाले. तुम्ही मापक बघताय की जावई? एकही पसंत पडेना!"

"मालच खोटा येतो, त्याला मी काय करू?"

"मग बर्फात बुडवून बघा की. काटा शून्यावर आला तर मापक खरा."

"बघू. सवड झाली की."

सवड होती. खाद्याचे मासे ठेवायच्या पेटीत बर्फही होता.

त्याच आठवड्यात एका सकाळी ऊन काचेशी आले आणि मोठे पाकीट उजळले ते आरपार. आत कोणी नव्हते. पिल्लू टाकीच्या तळाशी होते. पोट खपाटीला गेलेले, कातडीवरचे पट्टे पुसट, आणि कल्ले इतके भराभर हलत होते की पाहणाऱ्यालाच धाप लागावी. टाकीवाल्यांनी बारीक चिरलेल्या माशाचा कण चिमट्याने पुढे धरला. पिल्लू त्याच्याकडे वळले आणि तिथेच टेकले.

संशोधक बाई आल्या आणि वाकून पाहताच म्हणाल्या, "काका, दुसऱ्या टाकीतलं इथे कोणी सोडलं?"

"पहिलीतलंच आहे, बाई."

बाईंनी मापकाकडे पाहिले, मग टाकीवाल्यांकडे.

"बिघडलाय तो," टाकीवाले म्हणाले, आणि मापकावरची नजर काढून घेत, "असं मी म्हणत आलोय."

दुपारी लेकीचा फोन आला. "आलं का हो?"

"आलं."

"घ्या! म्हणजे या खेपेलाही पाकीटच." ती हसली. मग हसू आवरून तिने विचारले, "बरं आहे ना ते?"

"बारीक आहे गं."

"खाईल हो हळूहळू. मीही लहानपणी कुठे धड जेवत होते!"

"हो," ते म्हणाले. "ये तू. जमलं तर लवकर ये."

फोन ठेवून त्यांनी बादली सुलटी केली, पेटीतला बर्फ फोडून तिच्यात ओतला आणि वर थोडे पाणी घातले. टाकीचा मापक काढून आणला. फळीमागे टाकून दिलेले आधीचे दोन्हीही शोधून, पुसून आणले. तिन्ही मापक बर्फात रोवून ते शेजारी उकिडवे बसले. मागे पाण्याची बारीक धार पहिल्या टाकीत पडत होती.

काटे सावकाश उतरले आणि तिन्ही शून्यावर येऊन थांबले.

समुद्रच तापला होता.