मास्तरांचा पाय

मास्तरांचा उजवा पाय काही केल्या स्वस्थ बसत नव्हता. पुढच्या गाडीचे लाल दिवे लागले की तो धप्पकन खाली आपटायचा. खाली ब्रेक नव्हता, नुसती रबराची चटई होती. पण सगळा जन्म ड्रायव्हिंग स्कूल चालवलेल्या माणसाच्या पायाला हे कोणी समजवायचं? शिकवण्याच्या गाडीत मास्तरांच्या बाजूलाही एक ब्रेक होता आणि त्याच्या जोरावर त्यांनी अर्ध्या गावाला गाडी शिकवली होती. त्यांच्या उजव्या बुटाचा तळ नेहमी आधी झिजायचा.

आज स्टिअरिंग लेकीच्या हातात होतं. या देशात सगळाच उलटा कारभार, त्यामुळे मास्तरांची हक्काची डावी सीट लेकीकडे गेली होती आणि मास्तर उजवीकडे, हात मांडीवर ठेवून, पाहुण्यासारखे बसले होते. मागे मास्तरीणबाई होत्या आणि त्यांच्या शेजारी, सुट्टीभर जमवलेल्या भेटवस्तूंची फुगलेली पिशवी.

खरं तर गाडी जावई चालवणार होते. सुट्टीचे शेवटचे दिवस डोंगरातल्या भाड्याच्या घरात काढायचे आणि जावयांनी सगळ्यांना परत आणायचं, असं ठरलं होतं. काल कामावरून फोन आला आणि ते रेल्वेने पुढे निघून गेले. उद्या सकाळी म्हाताऱ्यांचं परतीचं विमान. मास्तरांकडे इथला परवाना नाही, बाईंना सायकलही येत नाही. राहिली लेक, आणि तिने गेल्या हिवाळ्यापासून गाडीला हात लावला नव्हता. बर्फावरून गाडी घसरून कठड्यावर आदळली होती. कोणाला साधं खरचटलंही नाही, पण तिने धसका घेतला तो घेतलाच. सकाळी "मी नेते" म्हणाली तेव्हा बाईंना भरून आलं होतं. आज गाडी घरी पोहोचली तर पोरगी सावरली. नाही पोहोचली तर विमान तर गेलंच, पण ती जन्मात पुन्हा स्टिअरिंग धरणार नाही, हे मास्तरांना पुरतं ठाऊक होतं. ठाऊक असून पाय आपला धप्प.

त्यात पुढे पुलाचं काम निघालं. नारिंगी पाट्यांनी त्यांना हमरस्त्यावरून खाली उतरवलं, शेतांमधून फिरवलं आणि एका पेट्रोल पंपाच्या तोंडाशी आणून सोडलं. फोनमधल्या रस्ता सांगणाऱ्या बाईला पुलाचा पत्ताच नव्हता. ती आपली गोड आवाजात वळा म्हणायची, मग मागे फिरा म्हणायची. मास्तरांना तिचा भयंकर राग आला होता. इतक्या चुका होऊनही बाईचा आवाज म्हणून चढत नाही, अशाने कोणी शिकतं का? मास्तर शिकवायला बसले की चौकातला पोलीससुद्धा दचकायचा. आज मात्र बायकोने निघतानाच तंबी दिली होती, एक अक्षर बोलायचं नाही. तोंडाला कुलूप लागलं आणि सगळा ओरडा पायात उतरला.

गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या. बाईंनी वातावरण हलकं करायला जुन्या गोष्टी काढल्या. मास्तरांची एक रीत होती. परीक्षेच्या आदल्या दिवशी ते शिकणाऱ्याच्या शेजारी बसतच नसत, मागच्या सीटवर जाऊन बसत. पुढे ब्रेक दाबायला कोणी नाही, तुझं तू बघ. लहानपणी लेक रोज संध्याकाळी फाटकाशी उभी राहून बघायची, बाबा आज कुठल्या दाराने उतरतात. मागच्या दाराने उतरले की टाळ्या वाजवत आत पळायची, आज एक जण तयार झाला म्हणून. पुढे तिलाही मास्तरांनी शिकवायला घेतलं होतं, पण मागे बसण्याचा दिवस काही आला नाही. त्याआधीच तिचं परदेशी जायचं ठरलं आणि शिकणं अर्धं राहिलं. परवाना तिने मग इकडे येऊनच काढला.

हे सगळं ऐकून लेक जेमतेम हसली. तिची नजर रस्त्यावरून हलत नव्हती, मान आखडली होती. एक ट्रक हॉर्न वाजवत अगदी अंगावरून गेल्यासारखा गेला. मास्तरांचा पाय आपटला, लेकीने दचकून खरा ब्रेक दाबला, आणि मागच्या गाडीचं नाक थोडक्यात वाचलं. मागचा माणूस काच खाली करून काय काय बोलला ते भाषा न कळताही कळलं.

आणखी दोन वळणं घेतली तर समोर तोच पेट्रोल पंप.

लेकीने गाडी कडेला घेऊन बंद केली. फोनमधली बाई मागे फिरा म्हणत होती, तिलाही बंद केलं. मग ती समोर बघतच बोलली.

"बाबा, तुमचा पाय वाजला की मला वाटतं, माझं काहीतरी चुकलं. मग मी खरंच चुकते. मला नाही जमणार हे. मी यांना फोन करते, काहीतरी सोय करतील. विमान गेलं तर गेलं."

बाई काहीबाही समजूत घालायला लागल्या. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेकडो परक्या पोरांची भीती घालवणाऱ्या माणसाने स्वतःच्या पोरीला घाबरवून सोडलं होतं, तेही तोंडातून शब्द न काढता. ते दार उघडून खाली उतरले. रागावले वाटतं, असं लेकीला वाटलं आणि तिने कपाळाला हात लावला.

मास्तर गाडीला एक फेरी मारून आले. सवयीने चारही चाकं दाबून पाहिली. मग त्यांनी मागचं दार उघडलं, भेटवस्तूंची पिशवी उचलून पुढच्या सीटवर ठेवली आणि स्वतः बायकोच्या शेजारी जाऊन बसले.

"चल," ते म्हणाले.

लेकीने आरशात पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली. मग डोळे पुसले, आरसा नीट केला आणि गाडी सुरू केली.

वाट काही एकदम सरळ झाली नाही. पुढे पुन्हा चुकले, पुन्हा तुंबले, पावसाची एक सर आली आणि समोरचं दिसेना. ट्रक यायचे तेव्हा मास्तरांचा जीव टांगणीला लागायचा आणि पाय उचलला जायचा. पण बाईंनी आपलं पाऊल त्यांच्या पावलावर घट्ट दाबून ठेवलं होतं, ते शेवटपर्यंत काढलं नाही. पुढे लेक फोनमधल्या बाईवर खेकसली, अगदी मास्तरांसारखी, आणि पाटी बघून आपल्या मनाने वळली. तिथून हमरस्ता लागला.

घरी पोहोचले तेव्हा रस्त्यावरचे दिवे नुकतेच लागत होते. जावई काळजीने बाहेर येऊन उभे होते. पुढच्या सीटवर सासऱ्यांऐवजी पिशवी बघून ते चक्रावले आणि काय झालं म्हणून विचारायला पुढे आले. लेकीने त्यांना हातानेच थांबवलं. ती भराभर उतरली, इमारतीच्या फाटकापाशी जाऊन उभी राहिली आणि गाडीकडे तोंड करून वाट बघू लागली.

मास्तरांच्या ते लक्षात आलं. त्यांनी बायकोच्या पावलाखालून आपला पाय सोडवून घेतला, बूट नीट केले आणि सावकाश मागच्या दाराने उतरले.