दोन वायसर

चार प्लग बरोबर निवडून दत्तारामला मिळणार काय होतं? एक स्टूल. कुर्ल्याच्या जुन्या स्पेअर पार्टच्या गल्लीत, घरच्या दुकानातलं, चाळीस वर्षं बसून बसून मध्ये खोलगट झालेलं. पुतण्या सिद्धेशने सोमवारीच सुनावलं होतं, "काका, मोतीबिंदू घेऊन माल विकता येत नाही. आता एक चूक झाली, की तुम्ही घरी."

बुधवारी बोरीवलीहून इरावती आली. रुमालात काळाकुट्ट स्पार्क प्लग.

"बाबांचा ट्रॅक्टर आहे. पेट्रोलवर सुरू होतो, मग रॉकेलवर चालतो. बाबा अंथरुणावर आहेत हो. एकदा आवाज ऐकवायचाय त्यांना."

सिद्धेशने प्लग उजेडात धरला, फिरवला आणि काकापुढे ठेवला. "घ्या. तुमच्याच वयाचा दिसतोय."

"पण कामाचा आसा," दत्ताराम म्हणाला.

त्याने जुना खोका उपसला. एक प्लग बाजूला केला. "हा थंड जातीचा. रॉकेलवर दोन दिवसांत काजळी धरेल." दुसऱ्याचे आटे बारीक निघाले. तिसरा जमला. मग नमुन्याच्या आट्यांवर नख ठेवून लांबी जुळवली, कारण प्लग लांब पडला तर पिस्टन वर येऊन त्यालाच धडकतो. लांबी तंतोतंत. फक्त नमुन्याचा तांब्याचा वायसर, आट्यांच्या वर बसणारी चकती, बोटाला जाड लागला. काजळीने घट्ट बसलेला. नीट बघायला हवं होतं. पण बघायचं म्हणजे सिद्धेशला हाक मारायची, आणि हाक मारली की स्टूल गेलं. पूर्वी वायसर जाडच यायचे, अशी त्याने स्वतःची समजूत घातली आणि तसलेच चार प्लग बांधून दिले.

शनिवारी इरावती परत आली. डोळे सुजलेले.

"खडखड झाली आणि बंद. मेकॅनिक म्हणतो, प्लग आत धडकला. चिनीमातीचे तुकडे पडलेत सिलिंडरमध्ये."

"नमुन्याला दोन वायसर असणार," सिद्धेश झटकन म्हणाला. "लांब प्लग आत कमी उतरावा म्हणून कोणीतरी दोन घातले असतील. आपण दिलेल्यांना एकेकच."

इरावतीची मूठ अजून मिटलेलीच होती. तिने ती उघडली. जुना प्लग, मेकॅनिकने खरवडलेला. एकावर एक दोन वायसर.

दत्तारामने पुतण्याकडे मान वळवली. "तू बुधवारीच बघितलंस."

"तुम्ही विचारलं कुठे?"

"नाही विचारलं," दत्ताराम म्हणाला. खोटं नव्हतं ते. मग तो इरावतीला म्हणाला, "चूक माझी, बाई. बाबांना सांगा."

"कसं सांगू? खडखड ऐकून ते हसले. म्हणाले, सुरू झाला."

दत्तारामने स्टूलावरचं फडकं घडी घालून पिशवीत टाकलं. हिशेब सरळ होता. सिद्धेशला स्टूल मिळालं, तेही तोंड न उघडता. दत्तारामचं गेलं, ते तोंड न उघडल्यामुळेच. आणि दोघांच्या गप्प बसण्याची किंमत बोरीवलीच्या त्या म्हाताऱ्याने मोजली. त्याला ते ठाऊकही नव्हतं.