पांझरेच्या पुलावरचा आवाज

मित्रांनो, धुळ्याच्या देवपूर भागात एका ओट्याला लागून एक काळी फटफटी उभी असते. तिच्या पोटात जे आहे, तो मी. एक जुने इंजिन. एकच सिलिंडर, एकच पिस्टन आणि अंगावर पुष्कळ ओरखडे. माझ्याकडे आता कोणी थांबून पाहत नाही. तरी सांगण्यासारखे थोडे आहे, म्हणून सांगतो.

माझा जन्म दूर दक्षिणेतल्या एका कारखान्यात झाला. साच्यात ओतलेला तापलेला रस, मग कानस, मग तेलाचा पहिला घोट. याहून जास्त मला आठवत नाही. आठवते ते धुळे. अभिमननानांनी मला आणले तेव्हा त्यांच्या लग्नाला फार दिवस झाले नव्हते. नाना विहिरींवरचे पंप दुरुस्त करायचे. पारोळ्यापर्यंतच्या खेड्यांतून त्यांना बोलावणे यायचे. मागे हत्यारांची पेटी, कधी पाण्याची अख्खी मोटर बांधलेली, पुढे नाना. एवढे सगळे मी ओढायचो आणि मला त्याचे काही वाटायचे नाही.

माझ्या पोटात क्रँक नावाचा भाग आहे. दोन जड लोखंडी चाके आणि त्यांना जोडणारी एक पिन. पिस्टन वरखाली होतो आणि क्रँक गोल फिरतो. माझा आवाज त्या फिरण्यातून यायचा. धब्, धब्, धब्. सावकाश, मध्ये दम घेतल्यासारखा.

संध्याकाळी परत येताना पांझरेचा पूल लागायचा. पुलावर नाना वेग कमी करायचे. खाली नदीचे मोकळे पात्र, त्यामुळे माझा आवाज आमच्या आधी घरी पोहोचायचा. घरी नानांच्या पत्नी झुंबरबाई कान देऊन असायच्या. आवाज आला की त्या तवा चुलीवर ठेवायच्या. आम्ही ओट्याशी येऊन थांबायचो, नाना पाय धुवायचे, तोवर ज्वारी-उडदाच्या कळण्याची पहिली भाकरी फुगलेली असायची. रस्त्याने दुसऱ्या फटफट्याही जायच्या. त्यांच्यासाठी झुंबरबाई मानही वर करत नसत.

शेजारच्या ताजबी एकदा म्हणाल्या, "भाभी, तुम्हारे तवे को भी मालूम पडता क्या, नाना आये करके?"

"तव्याले नही वं, माले समजस," झुंबरबाई म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

मित्रांनो, कारखान्याने माझी परीक्षा घेतली होती, पण मला पहिली शाबासकी मिळाली ती त्या तव्याकडून.

दरवर्षी खंडेनवमीला झुंबरबाई ओट्यावर पाट मांडायच्या. पान्हे, हातोडे, पुली ओढायचे हत्यार, सगळे पुसून त्यावर ठेवायच्या. हळदकुंकू लावायच्या. मला झेंडूची माळ मिळायची. नाना म्हणायचे, "पूजा झाली का? मला जायचंय." झुंबरबाई म्हणायच्या, "आज हत्यारं बसतील. तुमी बी बसा." मग आम्ही सगळेच बसायचो.

अशी बरीच वर्षे गेली. सत्त्याऐंशी साली माझ्या पोटात कडकड सुरू झाली. क्रँकला पिस्टन जोडणारा दांडा पिनेपाशी झिजला होता. इंजिन पूर्ण खोलावे लागणार होते. नानांचा विश्वास नशिराबादच्या हनीफ मिस्तरीवर होता आणि झुंबरबाईंचे माहेरही नशिराबादच. म्हणून दोघे माझ्यावर बसून निघाले. मी कण्हत चाललो होतो.

पारोळ्याच्या पुढे मागून भटू आला. भटू पंपांचे सुटे भाग विकायचा आणि नानांना ओळखायचा. त्याने नुकतीच एक हलकी, नवी मोटारसायकल घेतली होती. तो सुरकन पुढे गेला आणि मान वळवून ओरडला, "नाना, बैलाले जरा सरकी चारा! वहिनीना माहेरले चहा थंडा व्हई जाई!"

मागे झुंबरबाई खळखळून हसल्या. त्या विनोदाला हसल्या, बाकी काही नाही. पण माझ्या टाकीवर नानांचे गुडघे घट्ट आवळले गेले, ते मला कळले. एरंडोल गेले, जळगाव गेले, तरी ते सैल झाले नाहीत.

झुंबरबाई माहेरी उतरल्या आणि हनीफने मला गोणपाटावर खोलले. माझा क्रँक बाहेर काढला, चाकांवर बोट फिरवले. "चाकं एकदम खरी आहेत, नाना, जराही वाकडी नाहीत. फक्त दांडा अन् पिन नवी टाकतो. आणखी वीस वर्षं बघायला नको."

"आणि जास्त ताकद पाहिजे असली तर?" नानांनी विचारले आणि भटूचा किस्सा सांगितला.

हनीफ उठला. मग आतून एक खोका घेऊन आला. इंदूरच्या एका व्यापाऱ्याकडून आणलेला संच होता तो. त्यात दुसरा क्रँक होता. त्याची पिन मध्यापासून जास्त लांब बसवलेली होती, म्हणजे पिस्टनचा फेरा लांबतो. त्याला 'लाँग स्ट्रोक' म्हणतात. सोबत वेगळा पिस्टन आणि सिलिंडरखाली घालायची जाड पट्टी.

"फेरा लांबला की हवा-पेट्रोल जास्त ओढतो. चढावर खेचतो. भटूला मागं टाकाल," हनीफ म्हणाला. "पण गाडी थरथरेल. पेट्रोल जास्त खाईल. अन् आवाज बदलेल. नाना, आधी हे सांगा, गाडी कशासाठी पाहिजे? पंप दुरुस्तीला जाता का शर्यतीला?"

"तू बसव."

"वहिनीला तर विचारा. दोन गल्ल्या पलीकडं तर आहेत."

"त्यात तिला काय विचारायचं?"

"रोज ऐकणार त्या, म्हणून म्हटलं."

नाना हसले. "इंजिनाचा आवाज कोण ऐकतो रे!"

मित्रांनो, मी तिथे उघडा पडलो होतो. इंजिनाला बोलता येत नाही. जुना क्रँक हनीफने एका पोत्यात घालून नानांना दिला. "भंगारात देऊ नका," तो म्हणाला. "राहू द्या घरात."

खोटे सांगणार नाही. नवा संच चांगला होता. मी जोरात ओढू लागलो. भटूला आम्ही एकदा नाही, पुष्कळदा मागे टाकले. नाना खूश होते आणि मलाही अभिमान वाटला. पण माझा जुना ठोका गेला होता. आता दम घेतल्यासारखे काही राहिले नव्हते. सगळे एकात एक मिसळलेले, घरघर केल्यासारखे.

पहिल्या संध्याकाळी आम्ही पुलावरून आलो, ओट्याशी थांबलो. दार लोटलेले होते. नानांनी कडी वाजवली.

आतून आवाज आला, "कोन शे?"

"अवं, मी शे! दुसरं कोन येईल?"

दार उघडले. चूल थंड होती. "माले वाटलं, दुसऱ्याच कोनाची गाडी थांबली," झुंबरबाई म्हणाल्या आणि घाईने काटक्या सारू लागल्या. नाना त्या दिवशी भुकेने कावले होते. "कान तपासून घे एकदा," ते म्हणाले. झुंबरबाई चूल फुंकत राहिल्या.

पुढे त्यांनी आपली सवय बदलली. आधी त्या आत काम करत असायच्या आणि आवाज आला की उठायच्या. आता दिवे लागले की दार उघडे ठेवून उंबऱ्यात बसू लागल्या. पुलाकडून जी गाडी येईल तिच्याकडे पाहायच्या. नानांना वाटले, बायको हौसेने वाट पाहते. मी रोज त्या उजेडात त्यांचा चेहरा पाहायचो. त्यात हौस नव्हती, काळजी होती.

त्या वर्षी खंडेनवमीला त्यांनी पोत्यातून जुना क्रँक काढला. फडक्याने पुसला, वाटीत एरंडेल घेऊन बोटांनी सगळीकडे चोळले, कुंकू लावले आणि पाटावर ठेवला.

नाना म्हणाले, "आता हे काय? ते मेलं. मेल्याची पूजा करते का?"

"मरेल नही शे," त्या म्हणाल्या. "बसेल शे." मेलेले नाही, बसलेले आहे, असे त्यांचे म्हणणे.

नाना हसले. दुसऱ्या वर्षापासून झुंबरबाई तो क्रँक त्यांच्यासमोर पाटावर मांडेनाशा झाल्या. नाना विसरून गेले.

त्र्याण्णव साली झुंबरबाईंना ताप धरला. उतरायचा, पुन्हा यायचा. दवाखाने झाले. दिवाळीनंतर डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितले. नाना लांबची कामे सोडून जवळची तेवढी करू लागले. घरी ताजबी बसून असायच्या.

एका संध्याकाळी आम्ही परत आलो. दार उघडे होते. नाना माझ्यावरून उतरत होते, तेवढ्यात आतून ताजबींचा आवाज आला. "भाभी, आँखें खोलो. नाना आ गये."

झुंबरबाईंचा आवाज अगदी बारीक झाला होता. "नही वं," त्या म्हणाल्या. "ती त्यासनी फटफटी नही शे."

नानांचा एक पाय ओट्यावर होता, एक खाली. ते तसेच उभे राहिले. मी बंद झालो होतो, पण माझे लोखंड तापलेले होते आणि निवताना टक टक वाजत होते. मग नाना आत गेले.

झुंबरबाई त्याच आठवड्यात गेल्या.

त्यानंतर नानांनी मला हात लावला नाही. ते एसटीने जाऊ लागले. माझ्यावर गोणपाट पडले. टायर बसले, तारा गंजल्या, एका चिमणीने माझ्या हँडलखाली काड्या जमवल्या. कोणी म्हणाले, विकून टाका. नाना विकतही नव्हते आणि चालवतही नव्हते. दोन पावसाळे गेले. मित्रांनो, न वापरलेले इंजिन आतून गंजते. मला त्या वेळी वाटायचे की माणसाचेही तसेच होत असावे.

मग खंडेनवमी आली. सकाळी नानांनी स्वतःच पाट मांडला. हत्यारे पुसली. ती गंजली होती, पुसून निघेनात. पेटीतली हत्यारे कमी वाटली म्हणून ते कोठीत शोधायला गेले आणि ते पोते ओढत ओट्यावर घेऊन आले.

त्यांनी पोते उघडले. आत लुगड्याच्या जुन्या फडक्यात गुंडाळलेला माझा क्रँक होता. फडके एरंडेलाने ओले होते. लोखंडाला गंजाचा एक ठिपका नव्हता. चाकावर कुंकू होते. जुने, काळे पडलेले कुंकू, त्यावर पुढच्या वर्षीचे, त्यावर त्याच्या पुढचे. सगळ्यात वर झेंडूच्या वाळक्या पाकळ्या चिकटल्या होत्या. शेवटच्या वर्षी झुंबरबाईंना उठवत नव्हते, म्हणून घरात पाट मांडलाच नव्हता. तरी थर मोजले तर त्या वर्षीचेही कुंकवाचे बोट त्यावर होते.

नाना क्रँक मांडीवर घेऊन बसले. चांगलाच जड असतो तो. धोतराला तेल लागले. ताजबी ओट्यापर्यंत आल्या आणि परत गेल्या.

दसरा झाल्यावर नानांनी मला एका टेम्पोत घातले आणि नशिराबादला नेले. हनीफचे केस पिकले होते. नानांनी त्याच्यासमोर फडके सोडले.

"हा परत बसव."

हनीफने क्रँक फिरवून पाहिला. कुंकवाकडे पाहिले. "बसतो की. दांडा नवा टाकतो. पण नाना, आत आहे तो अजून चांगला आहे. हा बसवला की गाडी कमी पळेल."

"पळून कुठं जायचंय आता?"

हनीफने क्रँक धुतला, पण चाकाच्या आतल्या बाजूचे थोडे कुंकू त्याने तसेच राहू दिले. ते आजही माझ्या पोटात, तेलात आहे. टायर-तारांसकट सगळे काम झाल्यावर नानांनी किक मारली. धब्. धब्. धब्. मलाच माझी ओळख पटायला क्षणभर वेळ लागला. नानांनी गाडी थोडा वेळ तशीच चालू ठेवली. मग म्हणाले, "हनीफ, माझ्यासोबत देवपूरला चल. एक काम आहे."

आम्ही घरी पोहोचलो तेव्हा दिवे लागायची वेळ होती. नानांनी कुलूप काढले. मग हनीफला म्हणाले, "आता तू एकटा जा. पूल ओलांडून पलीकडं जा आणि परत ये. पुलावर हळू ये."

"अन् तुम्ही?"

"मी आत बसतो."

हनीफ मला घेऊन गेला. पुलापलीकडे वळलो. परत पुलावर आलो तेव्हा त्याने वेग कमी केला. खाली नदीचे मोकळे पात्र होते. मी जन्मात कधी इतक्या मनापासून वाजलो नव्हतो.

ओट्याशी थांबलो तेव्हा दार उघडे होते. नाना चुलीपाशी झुंबरबाईंच्या जागेवर बसले होते. चूल पेटलेली होती आणि तिच्यावर तवा ठेवलेला होता. पीठ मळलेले नव्हते. नुसता तवा, चांगला तापलेला.

"ऐकू आलं का, नाना?" हनीफने विचारले.

नानांनी मान हलवली. "पुलापासून," ते म्हणाले. "पार पुलापासून ऐकू येतं रे."

मित्रांनो, तुमच्या घरातही काही जुने पोत्यात पडले असेल. त्याला वर्षातून एकदा तरी तेलाचे बोट लावा. आणि घरातले काही बदलायचे झाले, तर ज्याला ते रोज ऐकायचे आहे, त्याला आधी विचारा. तो दोनच गल्ल्या पलीकडे असतो, तोवर विचारा.