नाथाजींनी चमकवलेलं तांबं

क्लिस्ट्रॉन वेळेत तयार झाला, तर क्रांतीला कणत्वरकावरच्या चाचणीला टीमप्रमुख म्हणून जायला मिळणार होतं, आणि तिच्या वडिलांना, निवृत्त हवालदार नाथाजींना, मलकापुरात जन्मभर पुरेल एवढं बोलायला. जास्त फायदा कुणाचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

क्लिस्ट्रॉन म्हणजे माणसाच्या उंचीची, आतली सगळी हवा काढून घेतलेली नळी. तिच्यात इलेक्ट्रॉनचा झोत तांब्याच्या सहा डब्यांमधून जातो, बारीकशा मायक्रोवेव्ह लहरीला लाख पट जोर चढतो आणि त्या जोरावर त्वरकातले कण पळतात. डब्यांची मापं क्रांतीची. चार वर्षं खपली होती. शिरवळच्या कारखान्यात डबे तयार झाले, आणि जोडणीच्या आदल्या दिवशी तिने स्वतःच्या सहीचा पास काढून वडिलांना आत नेलं.

कारखाना बघायला नाथाजी पदकं लावून आले होते. म्हणजे पॉलिशची डबी पिशवीत असणारच. क्रांतीला साहेबांनी पाच मिनिटं बोलावलं, तेवढ्यात त्यांना सहावा डबा मळका वाटला. चोवीस वर्षं बक्कल घासलेला हात. ती परतली तेव्हा डब्यात तोंड दिसत होतं.

क्रांतीने डबा मापून बघितला. धुऊन भागणार नव्हतं. घासण्यात माप गेलं होतं, आणि पॉलिशचा कण आत राहिला तर पूर्ण जोरावर ठिणगी पडणार. नवा डबा म्हणजे दोन महिने.

"लिही, हवालदारानं केलं," नाथाजी म्हणाले. "खरंच हाय न्हवं?"

"पासवर सही कुणाची हाय, आबा?"

तिने अहवालात लिहिलं: नियम मोडून बाहेरचा माणूस मी आत आणला, जबाबदारी माझी. प्रमुखपद तिच्या हाताखालच्या इंद्रजितकडे गेलं.

मार्चमध्ये त्याचा चाचणीवरून फोन आला. पूर्ण पॉवर, सलग आठ तास, एकही ठिणगी नाही. क्रांती शिरवळलाच, पुढच्या नळीची मापं काढत होती. तिने घरी कळवलं.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर नाथाजींनी पहिल्यापासून सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "सायबाची चूक शिपायावर आलेली लय बघितली गड्या. शिपायाची सायबानं घेतलेली ही पयलीच. आन् सायब माझी पोरगी."

तर हिशेब असा. कारखान्याने एक डबा आणि दोन महिने भरले. क्रांतीने प्रमुखपद भरलं. राहिले नाथाजी. लेक केवढी मोठी हे सांगायचं तर आपण काय उद्योग केला तेही सांगावं लागतं, आणि ते हल्ली रोज चारचौघांत सांगतात.