खुंटी बारा भोकं पुढे गेली तेव्हा

मित्रांनो, कापराच्या लाकडाची मी एक जुनी फळी आहे. डोंगरातल्या थाओ घराण्याच्या चुलीशेजारी टांगलेली. माझ्यावर वर्षाचे चोवीस भाग कोरलेले आहेत: कीटकजागर, समदिन, निर्मळ उजेड, धान्यपाऊस... प्रत्येकासमोर पंधरा भोकं. रोज सकाळी बांबूची खुंटी एक भोक पुढे सरकवायची, एवढंच काम. कधी सोळावा दिवस आला, की खुंटी दिवसभर आराम करायची. मला विचारूनच या घरात पेरणी व्हायची, याचा मला भारी तोरा होता.

एका कीटकजागरात म्हातारे गनशेंग आणि त्यांची सून हुइछिन यांचं वाजलं. कारण काय, तर पडवळाचा वेल कुठे चढवायचा. बोलणं बंद. मुलगा दूर कारखान्यात, मध्ये पडणारं कोणी नाही.

खुंटी सरकवण्याचं काम म्हाताऱ्यांचं. पहाटे अंधारात ते बोटांनी चाचपून ती सरकवायचे. हुइछिनला वाटलं, रागाच्या भरात बाबा विसरतील. मग चूल पेटवून झाली की तीही सरकवायची. बारा दिवस हे चाललं. मला सगळं कळत होतं, पण तोंड कुठे होतं मला?

त्यातल्या आठव्या दिवशी माझ्याकडे बघून, पेरणी जवळ आली असं समजून हुइछिनने घरातलं सगळं बियाणं भिजत घातलं. चार दिवसांनी खुंटी निर्मळ उजेडावर, म्हणजे पितरांच्या दिवसावर आली, आणि गनशेंग नैवेद्याचे हिरव्या पिठाचे गोळे घेऊन पितरांच्या थडग्यांकडे निघाले. टेकडीवर चिटपाखरू नव्हतं. बांबू तोडणारा फांग तेवढा हसला.

"थाओकाका, पितरांना झोपेतून उठवून जेवायला घालताय होय? अजून बारा दिवस आहेत."

म्हातारे तसेच परतले.

"खुंटी तू सरकवत होतीस?"

"रोज. तुम्ही विसराल म्हणून."

"मीही रोज सरकवत होतो."

दोघांनी भिजवलेल्या बियाण्याच्या टोपलीत पाहिलं. दाण्यांना पांढरे कोंब फुटले होते. ते आता थांबणारे नव्हते, आणि वसंतातली थंडी अजून यायची होती. गावात कोणाकडेही जादा बियाणं नव्हतं.

"विचारायला हवं होतं मी," गनशेंग म्हणाले.

"मी तरी कुठे विचारलं, बाबा?"

त्यांनी वाफा केला, राख पसरली, कोंब पेरले. संध्याकाळी पेंढा घालायचा, सकाळी काढायचा. "झाकलंस का?" "झाकलं. तुम्ही पाणी सोडलंत का?" थंडी तीन दिवस राहिली. तिसरा हिस्सा रोपं गेली. उरलेल्यांवर वर्ष निघालं, जरा ओढाताणीने.

आता तारीख मोबाइल सांगतो. मी काजळीने काळी पडले आहे, खुंटीही हरवली. त्याचं दुःख आहे, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल, एकमेकांना विचारत जा. त्या वर्षी मी चुकले, ते कोणी माझी हेळसांड केली म्हणून नाही. दोघांनीही माझी मनापासून काळजी घेतली, आणि एकमेकांना सांगितलं नाही.