उजवं मोकळं

चर्चच्या व्हॅनला दोन ड्रायव्हर आहेत असं मंडळीतली म्हातारी माणसं म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं. स्टिअरिंग नवऱ्याच्या हातात असायचं, पण त्याची मान डावीकडे वळायची नाही. तरुणपणी तो शिडीवरून पडला होता. हाडं जुळून आली, मान मात्र रुसली ती कायमची. चर्चचे पाळक त्याला चिडवायचे, "पवित्र शास्त्रात ताठ मानेच्या लोकांबद्दल पुष्कळ वाचलं होतं, दर्शन मात्र तुमच्यामुळे झालं." आणि यावर सगळ्यात मोठ्याने तोच हसायचा.

म्हणून डावी बाजू बायकोकडे होती. दर रविवारी ती शेजारच्या सीटवर बसायची. चौक आला की पुढे वाकून डावीकडचा रस्ता नीट बघायची आणि ठणकावून सांगायची, "डावं मोकळं!" तो उजवीकडे बघून म्हणायचा, "उजवं मोकळं!" मग व्हॅन हलायची. दोघांपैकी एकाचंही 'मोकळं' यायचं राहिलं तर चाक फिरणार नाही, हा त्यांच्या संसाराचाही कायदा होता. घर घेताना, मुलीला लांबच्या कॉलेजात पाठवताना, अगदी सोफ्याचा रंग ठरवतानासुद्धा. सोफ्याच्या वेळी डावं बरेच दिवस मोकळं होत नव्हतं.

लेफ्टची जबाबदारी म्हणून नवरा तिला लेफ्टनंट म्हणायचा. मंडळीने त्याला 'बाई' जोडलं आणि ती सगळ्यांची लेफ्टनंटबाई झाली.

मग एका साध्यासुध्या मंगळवारी, दाढीचा साबण गालावर तसाच असताना, नवरा गेला. ना आजार, ना निरोप. डॉक्टर म्हणाले, त्यांना काही त्रास झाला नाही. बाईच्या मनात आलं, झाला तो सगळा माझ्या वाट्याला आलाय.

व्हॅन चर्चमागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी राहिली. तिच्यातून येणारी म्हातारी मंडळी, कोणी काठीवाले, कोणी चाकाच्या खुर्चीवाले, आता घरी बसून फोनवर उपासना ऐकू लागली. त्यांच्यात एक निवृत्त नर्सबाई होत्या. वय नव्वदीला टेकलेलं आणि जीभ अजून विशीतली. त्या पाळकांना म्हणाल्या, "फोनवर प्रार्थना ऐकू येते हो, पण शेजारच्याचा खोकला ऐकू येत नाही. असली कसली मंडळी?"

शेवटी कमिटीत विषय निघाला. चालवायला कोणी नाही, तर गाडी गंजवण्यापेक्षा शहराच्या दुसऱ्या टोकाच्या चर्चला देऊन टाकू. कोणाचा विरोध? लेफ्टनंटबाई मागच्या बाकावरून उठली.

"गाडी द्यायची नाही. मी चालवीन."

 कमिटीचे सेक्रेटरी अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बाई, तुम्हाला सायकल तरी येते का?"

"नाही. पण गाडी काही सायकलवरून चालवायची नाहीये."

हशा पिकला आणि त्यातच पाळकांनी ठराव उरकून घेतला: उन्हाळा संपेपर्यंत बाईंनी लायसन्स काढलं तर गाडी इथेच, नाहीतर दुसऱ्या चर्चला. घरी नणंदेने कपाळाला हात लावला. "वहिनी, या वयात लोक गाडीतून उतरतात, चढत नाहीत!" बाई म्हणाली, "मग मी उतरेन तेव्हा तुम्ही चढा." तोंडाने ती कोणाला हार जायची नाही. 

ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर जन्मभर बस चालवून रिटायर झालेले होते. त्यांना माणसांपेक्षा गिअरबॉक्सची कणव जास्त. शिकवणीच्या गाडीत त्यांच्या पायाशीही एक ब्रेक होता आणि त्या ब्रेकवरच आपल्या म्हातारपणाची भिस्त आहे असं ते सांगत. बाईने पहिल्या दिवशी गाडी उड्या मारत नेली, दुसऱ्या आठवड्यात चालवत नेली. क्लच, गिअर, चढावर हँडब्रेक, सगळं तिच्या अंगवळणी पडलं. इतकी वर्षं शेजारी बसून तिचे कान इंजिनाची भाषा शिकले होते. मास्तरांनी दोनदा "बरं आहे" म्हटलं. त्यांच्याकडून ते म्हणजे हारतुरेच.

पण चौक आला की घोटाळा व्हायचा. बाई गाडी थांबवायची, डावीकडे कोपऱ्यापर्यंत डोळ्यांत तेल घालून बघायची, खणखणीत आवाजात म्हणायची, "डावं मोकळं!" आणि निघायची. उजवीकडून कर्कश हॉर्न. मास्तरांचा पाय ब्रेकवर.

"बाई! उजवीकडे कोण बघणार? माझी आजी?"

"चुकलं, मास्तर."

पुढच्या चौकात पुन्हा तेच. तिला सगळं कळत होतं. घरून निघताना ती घोकायची, उजवं, उजवं. पण चौकात पोचलं की मान आपोआप डावीकडे जायची, तोंडातून शब्द निघायचे आणि मग ती एक श्वासभर थांबायची. त्या श्वासभरात उजव्या कानाशी एक आवाज यायचा. यायला हवा होता. तो आलाच असं धरून तिचा पाय क्लच सोडायचा. मास्तरांना हे कसं सांगणार?

परीक्षेच्या दिवशी शिकवणीच्याच गाडीत आरटीओचे साहेब शेजारी बसले. बाईने गाडी वळवली, मागे घेतली, दोन खांबांमध्ये अशी लावली की साहेबांनी मान डोलावली. मग मोठ्या चौकात दुधाचा ट्रक उजवीकडून आला. साहेबांनी ब्रेक दाबला आणि बाईच्या मांडीवरची पर्स डॅशबोर्डवर आपटली.

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी कागदावर फुली मारली आणि चष्मा पुसत म्हणाले, "बाई, हात चांगला आहे तुमचा. पण तुम्ही अर्धाच रस्ता बघता."

ती तिथून थेट चर्चमागच्या शेडमध्ये गेली. ताडपत्री ओढून काढली आणि व्हॅनमध्ये बसली, आपल्या जुन्या डाव्या सीटवर. उजवीकडची सीट रिकामी होती आणि तिच्याकडे बघायचा तिला धीर होत नव्हता. मग ती देवाशी भांडली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, अगदी मोठ्याने, शेडचा पत्रा घुमेपर्यंत.

"तुझ्याच माणसांना तुझ्या दारी आणायला निघालेय ना मी? स्वतःसाठी काय मागितलं? त्यांना नेलंस, बरं. परत दे म्हणाले नाही. पण एक मान वळवायला तुला एवढं जड जातं?"

रडू आलं ते आवरलं नाही.  थोड्या वेळाने नाक पुसून ती उठली, किल्ली घेतली आणि पाळकांना परत करायला निघाली. वाटेत नर्सबाईंचं घर लागत होतं. वाईट बातमी फोनवर कशाला सांगायची, म्हणून ती आत शिरली.

नर्सबाई खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही बोलल्या नाहीत, आणि हा त्यांच्या आयुष्यातला विक्रम असावा.

"अगं, हा तर माझ्या वॉर्डातला जुना आजार," त्या म्हणाल्या. "मेंदूचा झटका आलेले पेशंट असायचे. काहींची एक बाजूच हरवायची. डोळे धड असले तरी त्या बाजूचं काही दिसायचं नाही. ताटातला अर्धा भात खायचे आणि उरलेला अर्धा समोर असून म्हणायचे, मला अजून वाढा. अर्धीच दाढी करायचे."

"मग? काय करायचात?"

"रागवायचो नाही. रागावून बाजू परत येत नाही. हळूहळू त्यांचं सगळं त्या हरवलेल्या बाजूला न्यायचो. पाण्याचा ग्लास तिकडे. भेटायला आलेली बायको तिकडे. घड्याळ तिकडे. म्हणजे जे हवंय त्यासाठी तिकडे वळायलाच लागायचं. पहिल्यांदा चिडायचे, रडायचे. मग वळायचे." त्यांनी बाईचा हात धरला. "तुझं डोकं ठणठणीत आहे, लेफ्टनंट. तुझी बाजू दुःखाने हरवलीय. खरं सांग, तो गेल्यापासून घरात त्याच्या जागेवर एकदा तरी बसलीस?"

 जेवणाच्या टेबलाशी त्याची खुर्ची उजवीकडे होती, तिला तिने फडकंसुद्धा लावलं नव्हतं. पलंगाच्या उजव्या बाजूची उशी तशीच होती. चर्चमध्ये बाकावरची त्याची जागा ती रिकामी सोडून बसायची आणि कोणी तिथे बसायला आलं की अंगावर काटा यायचा.

"देव तुझ्या अर्ध्या आयुष्यातच आहे असं का धरून चाललीस?" नर्सबाई म्हणाल्या. "त्या बाजूला जाऊन बघ तरी. तो तिथे तुझ्या आधी पोचलेला असेल. आणि ती किल्ली पर्समध्ये ठेव, मला सारखी दिसतेय."

त्या संध्याकाळी बाई आपलं ताट घेऊन त्याच्या खुर्चीत बसली. आधी घास गिळवेना. मग तिने समोर पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं की या खुर्चीतून फक्त शेगडी दिसते, जिथे ती रोज त्याच्यासाठी गरम पोळ्या करत उभी असायची. खिडकी नाही, रस्ता नाही, दार नाही. म्हणजे इतकी वर्षं तिथे बसून तो तिच्याकडेच बघत होता. तिला वाटायचं, खिडकीची जागा तिला देऊन तो चांगुलपणा करतोय. लबाड कुठला! ती हसली, मग रडली आणि मग ताटातलं सगळं जेवली.

दुसऱ्या दिवसापासून तिने सगळं घर उजवीकडे हलवलं. चहाचा कप उजवीकडे, चष्मा उजवीकडे, पवित्र शास्त्र उजवीकडच्या स्टुलावर. पलंगाची बाजू बदलली. कुठल्याही खोलीत शिरताना आधी उजवीकडे बघायचं. भाजीच्या दुकानात, बँकेत, डॉक्टरांकडे. दवाखान्यात उजवीकडे बसलेल्या एका गृहस्थाला वाटलं की ओळख आहे, आणि त्याने बाईला आपल्या गुडघ्यांची सगळी कहाणी ऐकवली. चर्चमध्ये ती नवऱ्याच्या जागेवर बसली. तिथे वारा जास्त लागत होता, गाण्याचा आवाजही जास्त येत होता. प्रार्थनाही बदलली. असं का केलंस, हे ती विचारायची थांबली. सकाळी उठून एवढंच म्हणायची, "प्रभू, आज उजवीकडे बघायचं बळ दे." काही दिवस ते मिळायचं, काही दिवस नाही. मास्तरांनी मध्येच एकदा विचारलं, "काय हो बाई, आज माझ्या पायाला काही कामच नाही?" तेव्हा तिला कळलं की आजचे सगळे चौक तिने त्यांच्या ब्रेकशिवाय पार केलेत.

उन्हाळा सरत आला तेव्हा दुसरी परीक्षा झाली. तेच साहेब, तोच मोठा चौक. बाईने गाडी थांबवली आणि मान वळवली. उजवीकडे.

उजवीकडून एक म्हातारा सायकलीवर सामान लादून डुलत डुलत येत होता. मागे गाड्यांची रांग लागली. एकाने हॉर्न वाजवला, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनीच. साहेबांनीही घड्याळाकडे पाहिलं.  जुना श्वास छातीत आला, कोणाच्या तरी आवाजाची वाट बघणारा. तिने तो येऊ दिला आणि जाऊ दिला. सायकल अगदी निवांत पुढे गेली. मग तिने पुन्हा बघितलं आणि नवऱ्याचे शब्द पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडाने म्हटले.

"उजवं मोकळं."

मग डावीकडे. "डावं मोकळं."

गाडी अशी निघाली की ग्लासातलं पाणी हललं नसतं.

"बाई, कोणाशी बोलताय?" साहेबांनी विचारलं.

"दोघांचं काम एकटीला आलंय, साहेब. बोलल्याशिवाय होत नाही."

 गाडी थांबल्यावर त्यांनी कागदावर सही केली. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, उतरून गाडीला वळसा घालून आले आणि तिच्या बाजूचं दार स्वतः उघडलं. "आज पूर्ण रस्ता बघितलात," ते म्हणाले. फाटकाशी मास्तर उभे होते. त्यांनी बाईचा चेहरा पाहिला आणि चक्क "फार छान" म्हणाले. त्या माणसाच्या तोंडून असे शब्द आजवर कोणी ऐकले नव्हते.

रविवारी सकाळी ताडपत्री निघाली. नणंद घरापासूनच पुढच्या सीटवर बसायला आली होती, पण ती जागा नर्सबाईंची ठरली होती, म्हणून ती निमूट मागे चढली. "शेवटी चढलात!" बाई म्हणाली. घराघरांतून काठ्या आल्या, घडीच्या खुर्च्या आल्या, खोकले आले, कोण कुठे बसणार यावरून दोन भांडणंही झाली. व्हॅन काठोकाठ भरली.

मोठ्या चौकात बाईने ब्रेक दाबला. आतला कलकलाट एकदम थांबला. सगळ्यांना ठाऊक होतं, इथे पूर्वी काय व्हायचं. बाईने त्याच्या खिडकीतून उजवीकडे पाहिलं. रस्ता लांबवर रिकामा आणि उन्हाने भरलेला होता.

"उजवं मोकळं!" ती म्हणाली.

ती डावीकडे वळणार, तोच नर्सबाई पुढे वाकल्या, आणि त्यांच्या मागून काठीवाले, खुर्चीवाले, खोकणारे, बहिरे, आणि नणंद, सगळे एका दमात ओरडले, "डावं मोकळं!"

बाईने तरीही डावीकडे स्वतः वळून नीट पाहून घेतलं. खरंच मोकळं होतं. मग तिने क्लच सोडला, आणि म्हाताऱ्यांनी चर्चच्या फाटकाची वाट न बघता तिथेच गाणं सुरू केलं.